वयाच्या ३६ व्या वर्षी पोहायला शिकून काही उपयोग आहे का?

तुम्ही लिहिलंय की गावाला नदी नाही, समुद्रावर जाणं होत नाही, होडीत बसायची वेळ येत नाही, मग पोहणं म्हणजे नुसता व्यायामच ना? मी सांगली जिल्ह्यातल्या जतकडचा. आमच्याकडे पाऊसच इतका बेताचा की माणूस बुडणार कशात, असं कुणीही म्हणेल. पण चार वर्षांपूर्वी माझा जीव पाण्यातच जायचा राहिला, आणि तोही स्वतःच्या रानात.

डाळिंबासाठी आम्ही शेततळं केलंय, ३० बाय ३० मीटरचं, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली, त्यानंतर आमच्या भागात अशी तळी फार वाढली. एप्रिलात मोटर पाणी ओढेना म्हणून फुटवॉल, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, बघायला काठावर वाकलो आणि पाय सटकला. अंगावर जीन्स, फुल शर्ट, पायात बूट.

मला पोहता येतं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत पाठीला डबा बांधून मामाच्या विहिरीत शिकलो. सूर मारायचो, मुटके मारायचो, तळाची माती काढून वर दाखवायचो. तेव्हा पडलो तरी काय, दोन हात मारले की काठ, असं वाटलं. काठ आला, पण वर चढता येईना. ज्यांनी शेततळ्याचा कागद हाताळलाय त्यांना कळेल. उतार तिरका, त्यावर शेवाळाचा थर, धरायला काही नाही. तेल लावलेल्या परातीत पडलेल्या झुरळासारखी माझी गत. चार वेळा वर सरकलो, चार वेळा घसरून परत आत. पाचव्या वेळेला दंडात ताकदच राहिली नाही.

मग आठवलं ते मामाचं सगळ्यात कंटाळवाणं शिकवणं. विहिरीत उतरलं की तो आधी उताणं पडून राहायला लावायचा. ‘कान बुडू दे पाण्यात, बेंबी आभाळाकडे कर.’ आम्हाला सूर मारायची घाई असायची, त्यामुळे हे नको वाटायचं. त्या दिवशी काठाचा नाद सोडला, बूट काढून टाकले आणि उताणा पडलो. जरा दम आला की हाक मारायची, परत पडून राहायचं. अंदाजे २५ मिनिटं तरी गेली असतील. शेजारच्या रानात वैरण कापणाऱ्या वहिनींनी ऐकलं. त्यांना पोहता येत नाही. त्या काठावर आल्याच नाहीत, लिंबाच्या बुंध्याला कासऱ्याचं एक टोक बांधलं आणि दुसरं माझ्याकडे फेकलं. त्या घाबरून तशाच धावत आल्या असत्या, तर दोघंही आत असतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ असं आहे, पण ‘पोहता येणं’ म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवा. तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा फेऱ्या मारणं वेगळं. अचानक, कपड्यांसकट पाण्यात पडल्यावर घाबरून न जाता दहा-पंधरा मिनिटं नाकतोंड वर ठेवणं वेगळं. जीव वाचवायला यातली दुसरी गोष्ट लागते. माझी चुलतबहीण नेदरलँड्समध्ये असते. तिथं पोरांच्या पोहण्याच्या पहिल्याच परीक्षेत कपडे आणि बूट घालून पाण्यात उतरावं लागतं. गावोगाव कालवे असलेला देश, त्यांना कळतं माणूस पोहण्याचे कपडे घालून बुडत नाही.

छातीत हवा भरलेली असली की बहुतेक माणसांचं शरीर पाण्यावर तरंगतं, पण अगदी थोडंसंच वर राहतं. तो थोडासा भाग म्हणजे तोंड असलं पाहिजे, एवढीच सगळी विद्या. पोहता न येणारा माणूस उलटं करतो, हात वर काढतो. हाताचं वजन पाण्याबाहेर गेलं की डोकं तेवढंच खाली. आणि सिनेमात दाखवतात तसा ‘वाचवा वाचवा’ असा आरडाओरडाही बहुतेकदा होत नाही. श्वास घेतानाच मारामार, ओरडणार कुठून? बुडणारा माणूस बऱ्याचदा मुकाट्याने खाली जातो, दहा पावलांवर बसलेल्यांना कळतही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) नोंदींप्रमाणे २०२२ मध्ये आपल्या देशात ३८ हजारांच्या आसपास माणसं अपघातानं बुडून गेली. ती सगळी काही पोहायला गेली नव्हती.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पोहायला शिकाल आणि फाजील धीट व्हाल. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली माणसं लोंढ्यात गेली. डोंगरावरून खडकांतून येणाऱ्या त्या पाण्यात कसलेला पोहणाराही टिकत नाही, कारण तिथं पाणी बुडवण्याआधी आपटतं. पुराचंही तसंच. ८ ऑगस्ट २०१९ ला आमच्याच जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी नाव उलटली, तेव्हा कृष्णेकाठची माणसं गेली. अशा वेळी अंगात लाइफ जॅकेट असणं पोहण्याइतकंच महत्त्वाचं.

दुसऱ्याला वाचवायला उडी मारण्याचा मोह तर सगळ्यात वाईट. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो, आणि वाचवणाऱ्यालाच खाली दाबून स्वतः वर यायला बघतो. एका विहिरीत घरातली दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या वाचता ना, त्या बहुतेक अशाच. दोर, काठी, साडी, रिकामा कॅन, जे मिळेल ते फेका. वहिनींना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांनी बरोबर तेच केलं.

छत्तिशीत जमेल का? माझी बायको ३८ व्या वर्षी शिकली, तालुक्याच्या जलतरण तलावावर, महिलांच्या बॅचला. पहिले पाच दिवस ती फक्त कठड्याला धरून तोंडानं श्वास घेत होती आणि पाण्यात नाकानं सोडत होती. चिडली होती, पैसे वाया गेले म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात उताणी तरंगायला लागली. शिकवणाऱ्याला आधीच सांगा की मला आधी तरंगायला आणि उभं पोहायला, म्हणजे जागच्या जागी पाय हलवत तोंड वर ठेवायला शिकवा, फ्रीस्टाइल नंतर बघू. तो थोडा नाराज होईल, कारण त्यांना हातपाय मारायला लावायची सवय असते. शेवटी एक दिवस परवानगी काढून जुने कपडे घालून उतरा. भिजलेली पँट पायाला कशी ओढते, ते शहाण्या माणसाच्या देखरेखीखाली कळलेलं बरं. आणि विहिरीत ढकलून दिलं की आपोआप येतं, असं सांगणारा कुणी काका घरात असेल तर त्याला लांब ठेवा.

आमच्या तळ्यात आता चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेत, शिवाय एक जुनी ट्यूब. मागच्या उन्हाळ्यात त्यातले दोन दोर कुणीतरी म्हशी बांधायला नेले. शोधून आणले आणि परत बांधले.