गाडीतलं वायफाय सांभाळायचं, ही पण लाईन आहे का?

नाशिकरोडच्या एका वडलांचं पत्र आलंय. पंचवटी एक्सप्रेसचे पासधारक, रोज कल्याणला जाऊन येऊन करतात. मुलगी ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं कुठंतरी वाचलं की ब्रिटनमध्ये जवळच्या पल्ल्याच्या गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांत गाडीतलं वायफाय, स्क्रीन, अनाउन्समेंट, सीसीटीव्ही हे सगळं बघणारी वेगळी माणसं असतात, आणि आता तिला तेच करायचंय. वडील विचारतात, ही खरंच लाईन आहे का राउटर बंद करून चालू करायचं काम आहे, त्यापेक्षा सरळ रेल्वेची परीक्षा दे म्हणून सांगू का?

भाऊ, तुमच्याच गाडीचं घ्या ना. एप्रिल २०२५ मध्ये पंचवटीच्या एसी डब्यात एटीएम बसवून ट्रायल घेतली होती, चालत्या गाडीतलं देशातलं पहिलं. मशीन नीट चाललं, फक्त इगतपुरी-कसारा पट्ट्यात नेटवर्क गेलं, कारण तिथं बोगदे आणि घाटात रेंज कमी. आता बघा, मशीन बँकेचं, डबा रेल्वेचा, नेटवर्क मोबाईल कंपनीचं, आणि मधेच व्यवहार अडकला तर पॅसेंजरनं कोणाकडं जायचं? हे तिन्ही एका जागी बांधून त्याची जबाबदारी घेणारा माणूस लागतो, तुमच्या मुलीला जे करायचंय ते हेच.

राउटर हा त्यातला सोप्यात सोपा भाग. एलएचबी, म्हणजे हल्लीच्या नव्या बनावटीचा डबा, ही स्टेनलेस स्टीलची पेटी, आतल्या फोनला सिग्नल मुळातच कमी पोचतो, म्हणून छतावर अँटेना, तिथून दोन-तीन कंपन्यांची सिमं एकत्र चालवणारा राउटर, मग डब्याडब्यातून केबल आणि प्रत्येक डब्यात वायफायचा पॉइंट. आणि हे सगळं हादरे, धूळ, मेमधलं तापलेलं छत आणि आपल्या इगतपुरीचा पाऊस सोसत वर्षानुवर्षं चाललं पाहिजे, डब्यातल्या ११० व्होल्ट डीसीवर. ऑफिसातला राउटर तिथं टिकत नाही. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी ईएन ५०१५५ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, आणि हादऱ्यानं निघू नये म्हणून केबलच्या पिनासुद्धा फिरवून घट्ट करायच्या, एम१२ नावाच्या वापरतात. डबा बदलला की जोडणी पुन्हा तपासा. बोगद्यात जीपीएस गेलं तर स्क्रीनवर भलतंच स्टेशन येऊ शकतं, ते पण बघा. मला विचाराल तर वायफायपेक्षा ते अनाउन्समेंट जास्त महत्त्वाचं, कारण ज्याला दिसत नाही किंवा जी आजी पहिल्यांदा एकटी निघालीय तिला रील्स नको असतात, आपलं स्टेशन कधी येतं तेवढं कळायला हवं असतं.

आता खरं सांगतो, आपल्याकडं या नावाची पोस्ट शोधायला गेलात तर जवळपास मिळणार नाही. हावडा राजधानीत सॅटेलाईटवर वायफाय देऊन बघितलं होतं, पण खर्च फार आणि पॅसेंजरला स्पीड पुरेना म्हणून प्रकल्प बंद केल्याचं २०२१ मध्ये संसदेत सांगितलं गेलं. स्टेशनवरचं वायफाय मात्र जमलं, रेल्वेच्याच टेलिकॉम कंपनीनं, रेलटेलनं, जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू केलं ते आज सहा हजारांवर स्टेशनांत आहे. पण चालत्या गाडीतल्या रेडिओचं काम वाढतंय ते वेगळ्या दारानं, सेफ्टीच्या. कवच म्हणजे गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा, त्यात इंजिन आणि स्टेशन रेडिओवर बोलतात, आणि २०२१ मध्ये रेल्वेला एलटीईसाठी, म्हणजे फोरजीसाठी, ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम मिळालंय. वंदे भारतमध्ये, म्हणजे आपल्या नाशिकरोडला थांबणाऱ्या शिर्डीच्या गाडीतसुद्धा, जीपीएसची माहिती यंत्रणा आणि कॅमेरे आहेत, ते कोणीतरी सांभाळतंच ना.

म्हणून परीक्षा का आवड असं भांडण घरात लावूच नका. आरआरबीची, म्हणजे रेल्वे भरती बोर्डाची, जेई (ज्युनियर इंजिनिअर) किंवा सिग्नलची टेक्निशियन परीक्षा तिनं जरूर द्यावी, आणि त्याच्या जोडीला नेटवर्किंग, लिनक्स आणि थोडी डीसी वीज हातानं शिकावी, मग रेलटेल, मेट्रो, गाडीची सिस्टिम पुरवणाऱ्या कंपन्या, सगळीकडं चालतं. एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवा, गाडी दिवसा धावते म्हणजे दुरुस्ती बरीचशी रात्री यार्डात होते, तिला त्याची तयारी आहे का ते तिलाच विचारा, तुम्ही ठरवू नका.

आणि तिचा फायनल इयरचा प्रोजेक्ट तर तुमच्या पासवर बसलाय. तिला सांगा फोनमध्ये सिग्नल नोंदवणारं अॅप टाकून दे, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, आणि महिनाभर नाशिकरोड ते कल्याण जागा, वेळ, रेंज सगळं नोंदवत जा. कुठं एकच कंपनी जाते आणि कुठं दोन्ही जातात ते नकाशावर काढा. एकच जाते तिथं दोन सिमांचा राउटर उपयोगाचा, बोगद्यात दोन्ही जातात तिथं आत रेंज पोचवणारी केबल टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. हा एक नकाशा मुलाखतीत समोर ठेवला तर दहा सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतो असं मला मनापासून वाटतं. फक्त फोन रोज त्याच डब्यात, त्याच बाजूच्या खिडकीपाशी ठेवा, एक दिवस खिडकी एक दिवस मधली सीट असं झालं तर आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. महिना झाला की ती शीट मला पाठवा, तिच्याशी फोनवर बोलू.