मेहकर तालुक्यात सैन्यभरतीची तयारी करतोय. चीनच्या सीमेवर झटापट झाली तरी आपले जवान गोळी का चालवत नाहीत?

कारण तसा लेखी करार आहे, २९ नोव्हेंबर १९९६ चा. त्याच्या कलम ६ नुसार प्रत्यक्ष ताबारेषेपासून (दोन्ही देशांच्या ताब्यातला भाग वेगळा करणारी रेषा, LAC) २ किलोमीटरच्या आत गोळीबार, स्फोट, बंदुकीने शिकारसुद्धा बंद. लढाऊ विमानं १० किलोमीटरच्या आत आणायची नाहीत. खरी गोम अशी की ही रेषा दोघांनी मिळून कधी आखलेलीच नाही. आपल्याकडे धुऱ्याचा वाद झाला तर भूमी अभिलेखचा भूकरमापक येऊन मोजणी करतो, खुणा दाखवतो. तिथे असा मोजणारा कोणी नाही. दोन्हीकडची गस्त आपापल्या समजुतीच्या रेषेपर्यंत जाते आणि मधल्या पट्ट्यात समोरासमोर येते. अशा वेळी एक गोळी सुटली, की मागची तुकडी, मग तोफखाना, मग विमानं ओढली जातात, आणि दोघांकडेही अण्वस्त्रं आहेत. पण गोळी बंद म्हणजे जीव सुरक्षित, असं समजू नको. १५ जून २०२० ला गलवानमध्ये दगड आणि खिळे ठोकलेल्या दांड्यांच्या मारामारीतच आपले २० जवान शहीद झाले. त्यानंतर असाधारण परिस्थितीत गोळीबाराची मुभा तिथल्या कमांडरना मिळाली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये हवेत गोळ्या झाडल्याही गेल्या.