सशांची भांडणं: वाचकांचे प्रश्न

या सदराकडे हल्ली गाई-म्हशींपेक्षा सशांचीच पत्रं जास्त येतात. मजकूर बहुधा एकच असतो: लहान होते तोवर एकमेकांना चाटत होते, आता केस उपटतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा निवडक प्रश्न इथे घेतो. कुत्र्यांच्या गोचिडांबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या वेळेपर्यंत थांबावं. ससेवाल्यांनी मात्र थांबू नये.

आमच्या दोन्ही माद्या एकाच वेतातल्या, सख्ख्या बहिणी. पाच महिन्यांच्या झाल्यापासून एक दुसरीच्या मागे धावते, पाठीवर चढते, चावते. हा खेळ असेल का? (चिपळूण)

खेळ नाही. साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ससे वयात येतात आणि मग जागेवरून जुंपते. बहीण-भाऊ हे आपण मानायचं. आजच दोघींना वेगळं करा, तेही दोन पिंजऱ्यांत. आणि दोघीही माद्याच आहेत याची खात्री करून घ्या. दुकानात पिल्लांचं लिंग अंदाजानेच सांगतात. ‘दोन्ही माद्या’ म्हणून दिलेल्या जोडीत दवाखान्यात एक नर निघतो, हे आम्हाला नवीन नाही. तसं निघालं, तर साधारण ३१ दिवसांत तुमच्याकडे नवीन पिल्लं असतील. तपासणी या आठवड्यातच करा.

दोघांना एकत्र आंघोळ घातली की वास एक होतो आणि भांडण मिटतं, असं व्हिडिओत पाहिलं. करावं का? (गुहागर)

नाही. सशाला आंघोळ घालायचीच नसते.

नराचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला. दुकानदार म्हणाला होता, दुसऱ्या दिवसापासून शांत होईल, मादीजवळ सोडा. तो अजून तसाच चढतो आणि मादी त्याला चावते. ऑपरेशन फसलं का? (मालवण)

ऑपरेशन फसलेलं नाही, दुकानदाराचं ज्ञान फसलेलं आहे. अंडकोष काढल्यावरही शरीरात आधीचं वीर्य शिल्लक असतं आणि चार ते सहा आठवडे नर मादीला गाभण करू शकतो. संप्रेरकं ओसरून वागणं निवळायलाही एक-दोन महिने लागतात. त्यातून सशाच्या मादीला गाईसारखा ठरावीक माज नसतो. नर चढला की त्यानंतर बीज सुटतं, म्हणजे एकदा सोडलं तरी पुरे. व्यायल्यावर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते. सहा आठवडे दोघांना वेगळं ठेवा. दिसू देत, वास येऊ दे, पण तोंड पोहोचता कामा नये. मादी या आठवड्यात त्याच्याजवळ गेली असेल, तर तिला डॉक्टरांना दाखवा.

नराचं केलं, मग मादीचं कशाला? आई म्हणते, एक वेत होऊ दे, मग शांत होईल. शेजारी सांगतात, भुलीत ससे मरतात. शिवाय खर्च नराच्या दुप्पट सांगितलाय. (रत्नागिरी)

या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण यातलं प्रत्येक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे आणि या प्रत्येक वाक्यामुळे उशीर होतो.

आधी ‘एक वेत होऊ दे’. वेताने मादी शांत होते याला काहीही आधार नाही. पिल्लांजवळची मादी उलट अधिक तापट असते. नराची नसबंदी झाली तरी मादीची संप्रेरकं मादीतच राहतात. खोट्या गाभणपणात, म्हणजे गाभण नसताना शरीर तसं वागतं तेव्हा, ती छातीचे केस उपटून घरटं करते आणि दोन-अडीच आठवडे कुणाला जवळ येऊ देत नाही. जुळत आलेली जोडी त्यात मोडते.

भांडण मात्र यातला लहान भाग आहे. मोठा भाग आहे गर्भाशयाचा कर्करोग. नसबंदी न झालेल्या सशाच्या माद्यांत तो इतका सर्रास आढळतो की काही जातींत चार वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक माद्यांत नोंदला गेला आहे. सुरुवातीला काही दिसत नाही. मग कधीतरी लघवीत रक्त येतं. घरचे म्हणतात, बीट खाल्लं असेल. सशाची लघवी खाण्यामुळे लालसर होऊ शकते हे खरं, म्हणून तर ती तपासून घ्यायची. पण तपासायला येतात तेव्हा कधी कधी आजार फुप्फुसापर्यंत गेलेला असतो, आणि तिथे माझ्याकडे करण्यासारखं फारसं उरत नाही. सहा महिन्यांच्या निरोगी मादीचं गर्भाशय आणि अंडाशय काढणं, आणि पाच वर्षांच्या आजारी मादीचं काढणं, या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. खर्चाचा हिशोब करायचा तर तोही करून बघा.

आता भूल. सशाला भुलीचा धोका कुत्र्यापेक्षा जास्त असतो, हे मी लपवणार नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत, जी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, भुलीशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत ०.१७ टक्के होते आणि सशांत १.३९ टक्के. पण निरोगी सशांपुरतं पाहिलं तर आकडा ०.७३ वर येतो. शिवाय सशांतले बरेच मृत्यू ऑपरेशन झाल्यानंतरचे होते. म्हणून शेजाऱ्यांना विचारण्याऐवजी डॉक्टरांना विचारा: तुम्ही ससे नेहमी करता का? वजन करून भूल देता का? वेदनाशामक किती दिवस? शुद्धीवर येईपर्यंत कोण बघणार?

आणि कुणी ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा’ म्हणालं, तर तिथेच थांबून पुन्हा विचारा. कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात ते उलटीच्या भीतीने. सशाला उलटी होतच नाही. उलट त्याचं आतडं थांबलं की तो मरतो. सोबत त्याचं रोजचं गवत न्या. घरी आणल्यावर दहा-बारा तासांत त्याने तोंड लावलं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट न बघता फोन करा. जवळ सशाची सवय असलेला डॉक्टर नसेल, तर आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन मुंबईला किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. मेच्या उकाड्यात भर दुपारी गाडी काढू नका, पहाटे निघा.

आईंना माझा नमस्कार सांगा. वेत नको.

भांडणात एकाच्या पाठीला दात लागलेत. जखम सुकली, पण खाली गाठ आली. हळद लावली. मेडिकलवाल्याने अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलंय. आणि कुत्र्याचं गोचिडांचं औषध, फिप्रोनिल, घरात आहे, ते मानेवर टाकू का, म्हणजे माश्या बसणार नाहीत? (कुडाळ)

सिरप देऊ नका. फिप्रोनिल तर मुळीच नको, सशाला ते विषारी आहे. टाकलेलं असेल तर हे वाचणं सोडून दवाखान्यात जा.

अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं सशाला तोंडावाटे दिली, की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जीवघेणी हगवण लागते. माणसाच्या पोराला चालतं ते सशाला चालतं, हे मेडिकलच्या काउंटरवर ठरत नाही. गाठ म्हणजे बहुतेक गळू. सशाचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. दाबून निघत नाही, कापून काढावा लागतो. नरांच्या भांडणात अंडकोषाची पिशवीही फाटते, केसांत दिसत नाही. दोघांनाही उलटं करून तपासायला न्या. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात, तेव्हा रविवार आहे म्हणून थांबू नका.

दोघांची नसबंदी होऊन दोन महिने झाले. आता एकत्र कसं आणायचं? पडवीत सोडलं तर पाचव्या मिनिटाला जुंपली. (देवगड)

पडवी कुणाची? जो आधीपासून तिथे बसतो त्याची. तिथे दुसरा आला की घुसखोरच. जागा अशी हवी की दोघांपैकी कुणीच तिथे मुतलेलं नाही: न्हाणीघर, माळ्याची खोली, शेजाऱ्यांचं रिकामं खळं. लादी गुळगुळीत असेल तर गोणपाट टाका. पाय घसरला की ससा घाबरतो आणि घाबरलेला ससा चावतो.

त्याआधी आठवडा-दोन आठवडे पिंजरे शेजारी ठेवा, मध्ये वीतभर अंतर. रोज एकमेकांची गवताची टोपली बदला. दोघं जाळीजवळ निवांत पसरायला लागले, की दहा मिनिटांची भेट. समोर हरळीचा ढीग, हातात जाड टॉवेल. थोडं चढणं, थोडे केस ओढणं चालेल. तोंडाकडून चढला तर लगेच उतरवा, खालचा चावतो तो नको तिथे. कान मागे, शेपूट ताठ, गोल गोल फिरणं दिसलं की टॉवेल मध्ये टाका. हात घालू नका, टाके पडतील. रोज वेळ थोडा थोडा वाढवा. चाटाचाट आणि एकत्र झोपणं सलग काही दिवस दिसल्याशिवाय रात्री एकत्र ठेवायचं नाही. उन्हाळ्यात हे सकाळी लवकर करा, दमट उकाड्यात धावाधाव झाली तर ऊन लागल्यासारखा ससा पडतो.

गाडीत एकत्र बसवून घाबरवलं की जोडी जमते, असं सांगणारे आहेत. घाबरून एकमेकांना चिकटणं म्हणजे मैत्री नव्हे. आणि पुढे एकाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दोघांनाही न्या. एकटा परत आला की दवाखान्याच्या वासाने सगळं पुन्हा पहिल्यापासून. महिन्याभरात फरक दिसला नाही, तर दात आणि पाय तपासून घ्या, दुखणाऱ्या सशाला कुणीच जवळ नको असतं.

विक्रेता म्हणतो, भांडका ससा परत द्या, ‘जुळलेली जोडी’ देतो, वर दोन हजार. (अलिबाग)

अडीच महिन्यांची पिल्लं सगळीच जुळलेली असतात. दोन हजार नसबंदीला ठेवा.

काजूच्या बागेत रानसशाचं पिल्लू एकटं सापडलं. आमच्या एकट्या सशाला जोडीदार म्हणून वाढवू का? (दापोली)

नाही. तो वेगळा प्राणी आहे, पाळीव सशाशी त्याची जोडी जमत नाही, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली त्याला पाळणं गुन्हा आहे. शिवाय ते अनाथ नसण्याचीच शक्यता जास्त. रानसशाची आई पिल्लाला लपवून दूर जाते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. उचललं असेल तर आजच संध्याकाळच्या आत होतं तिथेच ठेवा, कुत्री बांधा. जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.