नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून जुनी औषधे किंवा पूरके (जीवनसत्त्वांसारख्या पोषक घटकांच्या गोळ्या) तपासणाऱ्या चाचण्यांतून नेमके काय कळते?

अशा चाचणीत सर्वांचे नेहमीचे उपचार चालूच राहतात. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एकाला जोडऔषध आणि दुसऱ्याला सहसा हुबेहूब तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली जाते, त्यामुळे निकालातला फरक त्या औषधाचाच आहे असे म्हणता येते.

मधुमेहावरचे मेटफॉर्मिन स्तनाच्या कर्करोगातही उपयोगी पडेल, अशी आशा जुन्या निरीक्षणांवरून बरीच होती. मात्र मधुमेह नसलेल्या रुग्णांना ८५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच वर्षे देऊन पाहिल्यावर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मुख्य गटात (ज्यांची गाठ स्त्री-संप्रेरकांना प्रतिसाद देते अशा रुग्णांत) कर्करोग उलटण्याचे प्रमाण घटलेले दिसले नाही.

पूरके तर निरुपद्रवीच, हा समजही तपासून घ्यावा लागतो: फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना (प्रतिबंधासाठी, उपचारासाठी नव्हे) बीटा-कॅरोटीन (गाजरातला नारिंगी घटक, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) दिले, तेव्हा १९९४ च्या निष्कर्षांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला आढळला.