घरी रंग ओतून केलेल्या अॅक्रिलिक पोअर पेंटिंगवर फर्निचरचं पॉलिश मारलं तर चालेल का?

नाही चालणार. सुताराचं उरलेलं मेलामाइन, म्हणजे लाकडाला मारायचं पॉलिश, घरात पडून आहे, ते मारलं तर चमक येईल का असं तुम्ही विचारलंय. डबा परत देऊन टाका.

इतकं ठाम सांगतेय कारण आतेभावाच्या जुळे सोलापूरमधल्या नव्या घरासाठी मी मोठं पोअर करून दिलं होतं, निळं-पांढरं, मधून सोनेरी, आणि बजावलं होतं की महिनाभर हात लावू नका, वार्निश मी स्वतः येऊन मारते. पण कपाटांना पॉलिशवाला आलेलाच होता, दादानं त्यालाच सांगितलं की हेही मारून टाक. मेलामाइनमध्ये थिनर असतो आणि थिनर वाळलेल्या अॅक्रिलिकलासुद्धा विरघळवतो, हे तर आतून अजून ओलंच होतं. पांढऱ्या भागावर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या, सोनेरी पसरून मळकट झालं. वर ऐकायला काय मिळालं, तर "तुझा रंगच कच्चा." अजून प्रत्येक लग्नकार्यात हा विषय निघतोच! त्याच डब्यांतल्या रंगाचं दुसरं पेंटिंग माझ्या हॉलमध्ये आहे, त्यावर अॅक्रिलिक वार्निशचे दोन हात आहेत, कोणीही येऊन नखानं खरवडून बघावं.

तर पाण्यात मिसळणारं अॅक्रिलिक वार्निशच घ्या, आणि ग्लॉसच घ्या, कारण वाळल्यावर मंद पडलेले रंग त्याच्याखाली परत उठून दिसतात. पण आधी 3-4 आठवडे थांबा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या झळांत वरचा थर तासाभरात वाळल्यासारखा वाटतो, आत ओल तशीच असते, आणि लवकर वाळावं म्हणून पंखा फुल्ल सोडला की तडे जातात, तो उद्योग करू नका. सेल, म्हणजे रंगात गोल गोल ठिपके, पाडायला सिलिकॉन किंवा हेअर सिरम घातलं असेल तर ते तेल वर येऊन बसतं, तसंच वार्निश मारलं की ते जागोजाग मागं सरतं, खड्डे पडतात. टाल्कम पावडर भुरभुरून काही तास ठेवा, पुसा, मग भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेल्या ओल्या फडक्यानं हलकेच पुसून दिवसभर वाळू द्या. सिलिकॉन घातलंच नसेल तर एवढं करायची गरज नाही, धूळ झटकली की झालं. मग सकाळी लवकर, पंखा बंद करून, रुंद मऊ ब्रशनं पातळ हात, तो वाळला की दुसरा आडवा. ब्रश मागं फिरवून परत परत घासायचा नाही, फेस येतो.

पॉलिशवाल्यांना कमी लेखत नाहीये, लाकडावर त्यांचा हात खरंच भारी असतो, पण लाकूड वेगळं अन् हे वेगळं, आणि चित्र ज्यानं केलं त्याला एकदा विचारायला काय जातं?

हां, आणि हे सगळं भिंतीवरच्या पेंटिंगचं झालं. ट्रे किंवा कोस्टर केले असतील तर हे वार्निश पुरत नाही, गरम कप ठेवला की चिकटतं, तिथं उष्णता सोसणारं रेझिनच लागेल.