डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं बनून खेळायच्या कल्पनारम्य खेळातला पाण्यातला सर्वात भयंकर राक्षस कोणता?

माझं उत्तर: अ‍ॅबोलेथ. क्रॅकन हा महाकाय समुद्री राक्षस ताकदीने कितीतरी मोठा, पण तो जहाजं फोडतो. अ‍ॅबोलेथ माणसं फोडतो. १९८१ पासून खेळात असलेला हा प्रचंड, बुळबुळीत, माशासारखा प्राणी. एकाखाली एक असे तीन डोळे, आणि पूर्वजांच्या सगळ्या आठवणी जशाच्या तशा डोक्यात. देव नव्हते तेव्हाचा काळही त्याला आठवतो!

२०१४ च्या नियमांत तो दिवसातून तीनदा समोरच्याचं मन ताब्यात घेऊ शकतो. म्हणजे तुमच्याच गटातला लढवय्या त्याचा गुलाम होतो. त्याच्या सोंडेचा फटका बसून रोग जडला, तर मिनिटभराने कातडी अर्धपारदर्शक आणि चिकट होते. मग पाण्याबाहेर जखमा भरतच नाहीत आणि अंग ओलं ठेवलं नाही तर दर दहा मिनिटांनी इजा होते. त्यानंतर साध्या उपचारमंत्रांनी हा रोग जात नाही, वरच्या दर्जाचाच मंत्र लागतो.

खेळ तुम्ही चालवत असाल तर त्याला लगेच दाखवू नका. आधी तळ्याकाठच्या गावात विचित्र वागणारे कोळी भेटू देत. त्याचं चॅलेंज रेटिंग, म्हणजे राक्षस किती अवघड आहे ते सांगणारा आकडा, १० आहे, त्यामुळे नवख्या गटासमोर तर आणूच नका.