पिशवीचं दूध, तबेल्याचं दूध आणि न लागणारं दही

कराडहून मुलुंडला राहायला आलेल्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: गावी कवडी पडावी असं घट्ट दही लागायचं, इथे पिशवीच्या दुधाचं दही पाणचट होतं, कधी त्याला तार सुटते, आणि साय तर येतच नाही. मग हे दूध पावडरचं आहे का? सोसायटीत बरेच जण तबेल्याचं सुट्टं दूध ‘ताजं’ म्हणून घेतात, भैया लॅक्टोमीटर बुडवून दाखवतो, तर त्याचाच रतीब लावावा का? शिवाय घरात दूध न पचणाऱ्या सासूबाई आहेत आणि नऊ महिन्यांची मुलगी, त्यांना दही चालेल का?

माझी नोकरी दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे उत्तर लांबणार. आधीच सांगते, तुमचं दही बिघडतंय त्यात दुधाचा दोष फार थोडा आहे. दूध किती वेळ आणि किती तापवलं, मग ते कितीवर ठेवलं, यात बहुतेक सगळं आलं. आणि ‘ताजं’ दूध ओळखायचं तेही घड्याळापेक्षा तापमानावरूनच.

तबेल्याचं दूध वयाने लहान असतं यात वाद नाही. गोरेगाव-जोगेश्वरीकडच्या तबेल्यांत पहाटे अंधारातच धारा काढतात आणि सकाळी कॅन तुमच्या दाराशी येतो. पिशवीचं दूध कोल्हापूर, सांगली, नगर किंवा गुजरातमधून येतं, म्हणजे तुमच्या हातात पडेतो त्याला एखाद-दोन दिवस झालेले असतात. पण गावच्या केंद्रावर जमा झालं की ते शीतकरण यंत्रात ४ अंशांच्या आसपास आणतात आणि उष्णतारोधक टँकरमधून तसंच थंड मुंबईकडे पाठवतात. सुट्टं दूध बहुधा कधीच गार केलेलं नसतं. मुंबईच्या उकाड्यात अनुकूल तापमान मिळालं की जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, मग चार तासांचं ते दूध जिवाणूंच्या हिशेबात दीड दिवसाच्या थंड दुधापेक्षा म्हातारं निघू शकतं. भैया लबाड आहे असं मी म्हणत नाही. बर्फाशिवाय, गर्दीतून कॅन आणायचा म्हटलं की हे होणारच.

राहिला लॅक्टोमीटर. तो दुधाची घनता मोजतो, बाकी काही नाही. स्निग्धांश पाण्याहून हलका, म्हणून साय काढून घेतली की दुधाची घनता वाढते आणि पाणी घातलं की उतरते. दोन्ही बेताने केलं की आकडा जिथल्या तिथे! म्हणून दाराशी दाखवलेल्या लॅक्टोमीटरला मी काडीची किंमत देत नाही. डेअरीत फॅट वेगळं तपासतात. पूर्वी गर्बर पद्धत होती, म्हणजे नळीत दूध आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून ती यंत्रात गरगर फिरवायची आणि वर आलेल्या फॅटची पट्टी वाचायची. आता बहुतेक ठिकाणी यंत्र अर्ध्या-एक मिनिटात आकडे देतं. शेतकऱ्याचा भावही त्यावरच ठरतो. आपल्याकडे गाईच्या दुधाला ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ हा पाया धरतात. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. हा शब्द लक्षात ठेवा, दह्यापाशी तो पुन्हा लागेल.

म्हशीच्या दुधात पाणी पचतं, हे मुंबईला फार पूर्वीपासून माहीत आहे. सात टक्के फॅटच्या दुधात थोडंफार पाणी घातलं तरी ते गाईच्या दुधापेक्षा दाट दिसतं. हीच गोष्ट उघडपणे आणि शास्त्रशुद्ध करून चाळीसच्या दशकात इथे टोन्ड दूध निघालं. म्हशीच्या दुधात पाणी आणि स्किम दुधाची पावडर घालून फॅट खाली आणायचं, एसएनएफ मात्र टिकवायचं, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागतात आणि भावही परवडतो. याचं श्रेय मुंबईच्या दूधपुरवठ्याचे तेव्हाचे अधिकारी दारा खुरोडी यांना देतात. शहरातले तबेले बाहेर न्यायला १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली, तिच्यामागेही तेच होते. १९६३ मध्ये अमूलच्या वर्गीज कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियनांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, खुरोडींचं खुद्द गोरेगावकरांनाही नसतं, याची मला जरा चुटपुट आहे.

तेव्हा तुमच्या टोन्ड दुधात पावडर असू शकते का? हो, असू शकते, विशेषतः उन्हाळ्यात दूध आटतं तेव्हा. ती दुधाचीच पावडर असते आणि कायद्याला मंजूर आहे. भेसळ वेगळी. पिशवीला धोका असतो तो मधेच कुणीतरी टोचून दूध काढून पाणी भरण्याचा. घेताना शिवण दोन्हीकडून बघा. कडेला दुसऱ्यांदा चिकटवल्यासारखी जाड रेघ किंवा टोचा दिसला तर परत करा. पिठाची शंका आली तर उकळून गार केलेल्या दुधात आयोडीनचा थेंब टाका, निळं झालं की स्टार्च आहे.

डेअरीत काय होतं ते दोन ओळींत. फॅट आणि एसएनएफ ठरल्याप्रमाणे जुळवतात (टक्क्यांत: फुल क्रीम ६ आणि ९, टोन्ड ३ आणि ८.५, डबल टोन्ड १.५ आणि ९), मग दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच ४ अंशांपर्यंत गार करतात, यालाच पाश्चरायझेशन म्हणतात. क्षयरोग, ब्रुसेलोसिस, साल्मोनेला यांचे जंतू एवढ्याने मरतात. दूध आंबवणारे थोडे चिवट जिवाणू मात्र उरतात, म्हणून पिशवी फ्रीजमध्येच हवी. काही दूध होमोजिनाइज्डही असतं. म्हणजे ते जोरदार दाबाखाली बारीक फटीतून ढकलतात, फॅटचे गोळे इतके बारीक होतात की वर तरंगतच नाहीत. साय न येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पिशवीवर तसं छापलेलं असतं, वाचून बघा. सायीचं लोणी, तूप करायचं असेल तर तो शब्द नसलेलं फुल क्रीम घ्या.

पाश्चराइज्ड पिशवी उकळायची गरज नाही असं पुस्तक सांगतं, आणि थंड साखळी कुठेही तुटली नसेल तर ते खरंच आहे. पण पहाटे क्रेट फुटपाथवर किती वेळ पडून असतात ते मुंबईत सगळ्यांना दिसतं. मी उकळते. टेट्रापॅकचं यूएचटी दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक डब्यात भरलेलं असतं, ते उकळणं म्हणजे गॅस जाळणं. सुट्टं दूध मात्र खळखळून उकळल्याशिवाय तोंडाला लावू नका. धारोष्ण, निरसं दूध पौष्टिक म्हणून पिणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडून दिलंय, पण लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई घरात असेल तर हा हट्ट नको.

आता दही. दुधातलं बहुतेक प्रथिन म्हणजे केसिन. विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल करतात, आंबटपणा वाढतो, आणि सामू (म्हणजे पीएच, आंबटपणा वाढला की हा आकडा उतरतो) ४.६ च्या जवळ आला की केसिनचे कण एकमेकांना धरून जाळी करतात. पाणी त्या जाळीत अडकून राहतं, तेच दही. उरलेलं साधारण पाचवा हिस्सा प्रथिन पाण्यातच विरघळलेलं असतं आणि साध्या दुधात ते या कामाला येत नाही. दूध ८५ अंशांच्या वर काही मिनिटं राहिलं तर मात्र ते उलगडतं, केसिनला चिकटतं आणि जाळी घट्ट होते. पाश्चरायझेशनचे १५ सेकंद याला पुरत नाहीत. गावी तुमच्या आईच्या किंवा सासूबाईंच्या चुलीवर दूध तासभर मंद तापत असणार, वर जाड साय धरून. इथे आपण एक ऊत आला की गॅस बंद करतो. दह्यात पाणी सुटायचं पहिलं कारण हे.

तेव्हा ऊत आल्यावर आच बारीक करून दूध पंधरा-वीस मिनिटं ढवळत ठेवा. थोडं आटेल, तेही फायद्याचंच, कारण एसएनएफ वाढतं. टोन्ड दूधच वापरायचं असेल तर लिटरला एक-दोन चमचे दुधाची पावडर आधी थोड्या गार दुधात कालवून घाला. पावडरचं नाव काढलं की लोक दचकतात, पण मोठ्या डेअऱ्याही दह्याच्या दुधाचं एसएनएफ वाढवूनच घेतात.

मग किती कोमट असताना विरजायचं? इथे इंटरनेटवरच्या कृती घोटाळा करतात. त्या बहुतेक परदेशी योगर्टच्या असतात, आणि योगर्टचे दोन्ही जिवाणू (एक लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, १९०५ च्या सुमारास बल्गेरियाच्या ग्रिगोरोव्ह नावाच्या तरुण डॉक्टरला सापडलेला, दुसरा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस) ४२-४५ अंशांवर खूश असतात. आपल्या घरच्या विरजणात मिश्र वस्ती असते. त्यातले लॅक्टोकॉकस, ल्युकोनोस्टॉक हे ३० अंशांच्या आसपास वाढतात आणि दह्याला तो लोण्यासारखा वास तेच देतात. दूध कडक गरम असताना विरजलं की ते मागे पडतात, उरतो फक्त आंबटपणा. गावची चव हवी असेल तर दूध इतकं निवू द्या की स्वच्छ बोटाला ना गरम लागेल ना गार. अर्ध्या लिटरला लहान चमचाभर विरजण पुरे. जास्त घातलं तर दही भराभर आंबतं, जाळी आवळते आणि पाणी बाहेर पडतं.

मे महिन्यात मुंबईत भांडं गुंडाळायची, कॅसरोलमध्ये ठेवायची काही गरज नाही. चार-पाच तासांत दही लागतं. रात्री दहाला विरजून सकाळी सहाला उघडलं तर आंबटढाण आणि वर पाणी हे ठरलेलं. उन्हाळ्यात सकाळी विरजा किंवा रात्री विरजण अगदी नखभर घाला. डिसेंबर-जानेवारीत उलटं, तेव्हा आठ-दहा तास लागतात आणि टॉवेलात गुंडाळलेलं बरं. लागेपर्यंत भांडं हलवू नका, बोट घालून बघू नका. जेमतेम लागलं, अदमुरं असलं, की सरळ फ्रीजमध्ये. तिथे दोन-तीन तासांत ते आवळून येतं. कधी थोडं पाणी सुटलंच तर ओतू नका, कणीक त्यात भिजवा. त्यात क्षार आणि जीवनसत्त्व ब-२ असतं, हिरवट-पिवळी झाक त्याचीच.

तार सुटते ती विरजणामुळे. काही जिवाणू साखरेच्या लांब चिकट साखळ्या तयार करतात, त्यांचं बळ वाढलं की दही बुळबुळीत होतं. नुसती तार असेल तर ते विषारी नसतं, पण विचित्र वास, गुलाबी-हिरवे डाग किंवा बुडबुडे दिसले तर फेकून द्या. तारेच्या दह्याचंच विरजण वापरत राहिलात तर सुटका नाही. कुणाकडून तरी चांगलं विरजण आणा, किंवा बाजारचं साधं, बिनसाखरेचं, जिवंत जिवाणूंचं दही घ्या. पहिल्या खेपेला जमलं नाही तर दोन-तीन वेळा विरजल्यावर बसतं. मिरचीच्या देठांनीही दही लागतं, देठांवर आंबवणारे जिवाणू असतात, पण त्यांच्यासोबत आणखी कोण आलंय ते कळत नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

फायद्यांबद्दल फार बढाया नकोत. पेलाभर, म्हणजे २५० मिली दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हशीच्या दुधात दोन्ही जास्त. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, म्हणजे दूध मदत करतं, सगळं भागवत नाही. नाचणी, तीळ, पालेभाज्या ताटात हव्यातच, आणि फ्लॅटमधल्या माणसाला ड जीवनसत्त्वासाठी थोडं ऊनही. शाकाहारी घरात दूध-दह्याचं खरं मोल ब-१२ साठी आहे, कारण डाळी-भाज्यांत ते मिळत नाही. कढी केली की दह्यातले जिवाणू मरतात, कॅल्शियम आणि प्रथिनं तशीच राहतात. ‘प्रोबायोटिक’ लिहिलेले महाग डबे ठरावीक जिवाणू ठरावीक संख्येने देतात, घरच्या दह्याबद्दल तशी हमी देता येत नाही. पण रोजच्या जेवणाला घरचंच पुरतं. ग्रीक योगर्ट म्हणून जे विकतात ते म्हणजे दही टांगून पाणी काढलेलं, आपल्या चक्क्याचा मवाळ प्रकार. फळांच्या चवीचं घ्याल तर साखरेचा आकडा आधी वाचा.

सासूबाईंना दूध प्यायल्यावर गॅस, मुरडा, जुलाब होत असतील तर बहुधा लॅक्टोज पचवणारं एन्झाइम वयानुसार कमी झालंय. बऱ्याच भारतीयांचं होतं. दह्यात जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं आणि उरलेलं पोटात फोडायलाही ते हातभार लावतात, म्हणून दही सहसा सोसतं. अर्ध्या वाटीने, जेवणासोबत सुरुवात करा. ताकही चालेल. मात्र अंगावर गांधी येत असतील, ओठ सुजत असतील तर ती ॲलर्जी, तिथे दहीही नको आणि डॉक्टर गाठा.

मुलीला वर्षाची होईपर्यंत गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून पाजू नका. त्यात लोह अगदी कमी असतं आणि प्रथिनं-क्षार तिच्या मूत्रपिंडांना जड जातात, तेव्हा स्तनपान किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं फॉर्म्युला दूधच चालू राहू दे. सहा महिन्यांनंतर वरच्या जेवणात दोन-तीन चमचे दही चालतं. फुल क्रीम दुधाचं, त्याच दिवशी लागलेलं, आंबट न झालेलं, साखर-मीठ न घालता मऊ भातात कालवून द्या. फ्रीजमधलं असेल तर वाटी आधी थोडा वेळ बाहेर ठेवा.